पेशीच्या बाहेरूनच मारणारी केमो: मण्यांना बांधलेल्या औषधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढल्यावर आता मी पुण्यातल्या कॉलेजांत आणि कधीमधी रुग्णांच्या नातेवाइकांच्या गटांत बोलायला जाते. केमोचं औषध मण्याला चिकटवलं तर काय होतं, हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतातच. विद्यार्थ्यांचे वेगळे, नातेवाइकांचे वेगळे. दोन्ही इथे एकत्र केले आहेत. उपचाराचा निर्णय यावरून घ्यायचा नाही, त्यासाठी तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट आहेत.

घन आधाराला बांधलेलं औषध म्हणजे नक्की काय?

औषधाचा रेणू एखाद्या न विरघळणाऱ्या वस्तूला रासायनिक बंधाने कायमचा जोडायचा. ही वस्तू बहुतेक वेळा बारीक मणी असते. अ‍ॅगरोजचे मणी सगळ्यांत जुने आणि ओळखीचे. अ‍ॅगरोज म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या अगरचाच शुद्ध भाग, ज्या अगरची चायना ग्रास म्हणून आपण खीर किंवा पुडिंग करतो. साबुदाणा शिजल्यावर कसा पारदर्शक, लिबलिबीत होतो, तसा हा मणी दिसतो, फक्त आकाराने कितीतरी लहान. त्याच्या पृष्ठभागावर रासायनिक 'आकडे' तयार करतात आणि औषधाचा रेणू त्यात अडकवतात. औषध पाण्यात असतं, पेशीला स्पर्श करू शकतं, पण मण्यापासून सुटून कुठे जाऊ शकत नाही. बैल खुंट्याला बांधावा तसं.

असला उपद्व्याप करायचा कशाला?

एका साध्या प्रश्नासाठी. औषध पेशीत घुसून मारतं, की दारातूनच?

औषध मोकळं सोडलं तर ते सगळीकडे जातं. पेशीपटलावर जातं, आतल्या द्रवात जातं, केंद्रकात डीएनएपाशी जातं. पेशी मेली की नेमकं कुठल्या ठिकाणी केलेलं काम तिला भोवलं, हे सांगता येत नाही. औषधाला आत जायची वाटच बंद केली तर? पेशी जिवंत राहिली तर आत जाणं गरजेचं होतं म्हणायचं. मेली, तर गोष्ट पुस्तकात लिहिली आहे तेवढी सरळ नाही.

ही कल्पना कर्करोगवाल्यांची नव्हे. १९६९ साली पेद्रो क्वात्रेकासास यांनी इन्सुलिन अ‍ॅगरोजच्या मण्यांना जोडून चरबीच्या पेशींवर वापरलं. इन्सुलिनचा परिणाम दिसला, म्हणजे त्याचा ग्राही (रिसेप्टर, निरोप झेलणारं प्रथिन) पेशीच्या बाहेरच्या अंगाला आहे असा निष्कर्ष निघाला. ग्राही तिथेच आहे हे पुढे पक्कं झालं. पण त्या मण्यांवरून इन्सुलिन थोडं थोडं सुटत होतं का, यावरून नंतर बराच वाद झाला. निष्कर्ष बरोबर आणि पुरावा मात्र संशयित, अशी ही चमत्कारिक अवस्था. पुढच्या सगळ्यांना तिने सावध केलं.

केमोच्या औषधावर हे पहिल्यांदा कोणी केलं?

सगळ्यांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या थॉमस ट्रिटन आणि गॅरी यी यांचा. जुलै १९८२ मध्ये तो 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी अ‍ॅड्रियामायसिन, म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, अ‍ॅगरोजला जोडलं आणि एल-१२१० नावाच्या उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींमध्ये टाकलं. मोकळं औषध सुटत नाही अशा परिस्थितीतही पेशी मेल्या. पेशीत न शिरताही हे औषध पेशी मारू शकतं, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिलं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात झोल्टान टोकेस, अ‍ॅलन रेम्बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध पॉलीग्लुटराल्डिहाइड नावाच्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) अतिसूक्ष्म गोळ्यांना जोडलं. त्यांच्याकडेही पेशींची वाढ थांबली. शिवाय एकदा वापरलेले गोळे काढून पुन्हा वापरले तरी त्यांचा जोर उणावला नाही. ही बारीकशी नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते. का, ते पुढे येईल.

हेच औषध का निवडलं?

दोन सोयी आहेत. एक, त्याच्या रेणूला एक साखर जोडलेली असते आणि त्या साखरेवर अमिनो गट असतो. तो मण्याच्या आकड्यात नीट अडकतो. दुसरं, हे औषध लाल आहे. केमोच्या वॉर्डात 'लाल औषध' किंवा 'लाल सलाईन' म्हटलं की सगळ्यांना कळतं. ते घेतल्यावर लघवीसुद्धा एक-दोन दिवस लालसर होते आणि घरचे घाबरतात. वर ते प्रकाशात नारिंगी-लाल चमकतं. त्यामुळे ते पेशीत कुठे पोचलंय हे सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं. मोकळं औषध दिलं की थोड्या वेळात केंद्रकं दिव्यासारखी पेटतात. मण्याला बांधलेलं दिलं की केंद्रकं काळोखी राहतात आणि मण्याची कड तेवढी चमकते.

थोडं विषयांतर. हा लाल रंग मातीतून आला. स्ट्रेप्टोमायसिस पॉसेटियस नावाचा जिवाणू इटलीतल्या मातीत सापडला, त्यातून आधी डॉनोरुबिसिन आणि मग त्याच्या बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन निघालं. जवळच्या अ‍ॅड्रियाटिक समुद्रावरून अ‍ॅड्रियामायसिन हे नाव पडलं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो याच कुळातल्या जिवाणूंचा. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही याच कुळातल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघालं होतं. पिंपरीची माती काही कमी नाही, एवढंच.

मणी पेशीच्या पोटात जात नसेल कशावरून?

मापं बघा. अ‍ॅगरोजचा मणी साधारण १०० मायक्रॉन, पेशी १० ते १२ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेशीपेक्षा मणी दहापट मोठा; मांजराने म्हैस गिळावी अशातली गत.

मण्याला औषध बांधणारा दुवा जेमतेम १ नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग, लांब असतो. हे डोळ्यांपुढे यायला सगळं एक कोटी पटीने फुगवून बघा. पेशी १०० मीटर रुंदीचं मैदान होते. मणी एक किलोमीटर व्यासाचा गोळा होतो, पर्वतीची टेकडी त्याच्यापुढे खुजी दिसेल. पेशीपटल ५ सेंटिमीटर जाडीची भिंत होते. आणि औषध ज्याला बांधलंय तो दोर? १ सेंटिमीटर. त्या दोराला बांधलेलं औषध भिंतीत डोकं खुपसू शकेल, पण मैदानाच्या मध्यावर असलेल्या केंद्रकापर्यंत पोचणं शक्य नाही.

टोकेस यांचे गोळे मात्र अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे होते. इतका बारीक कण पेशी गिळू शकते, त्यामुळे तिथे हा युक्तिवाद एवढा घट्ट बसत नाही. पेशीने गोळे गिळले नाहीत हे तिथे वेगळं दाखवावं लागतं.

आणि औषध मण्यावरून सुटून आत गेलं नसेल कशावरून?

हाच खरा प्रश्न. या विषयावरचा कुठलाही लेख वाचायला घेतला की मी आधी याचं उत्तर शोधते, बाकीचं नंतर.

लक्ष्मी रोडवरून लाल साडी आणली की घरातली मोठी बाई पहिलं विचारते, 'रंग पक्का आहे ना?' गार पाण्यात बुडवून बघतात. पाणी स्वच्छ राहिलं की सगळे खूश. मग ती साडी कोणीतरी गरम पाण्यात साबण घालून भिजवतं आणि बादलीतले पांढरे सदरे गुलाबी होतात. मण्यांचंही डिट्टो तसंच असतं, आणि मी ते सदरे स्वतः गुलाबी केलेत.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी डॉक्सोरुबिसिन मण्यांना जोडलं. गार बफरने, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने, मणी धुतले. पहिलं पाणी लाल, दुसरं गुलाबी, पाचव्या-सहाव्या धुण्याला पाणी नितळ. नळी प्रकाशापासून वाचवायला चांदीच्या कागदात गुंडाळली, फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी मणी पेशींमध्ये टाकले, इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांना ठेवले. ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी त्याला बाहेर ठेवते. तिसऱ्या दिवशी काचेच्या चौकटीत बघते तो निळ्या ठिपक्यांचा सडा! मैत्रिणींना मी अमृततुल्यमध्ये चहा-क्रीमरोल दिला.

आमच्या मॅडमनी वही चाळली आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, नुसत्या पाण्याचं काय झालं?" मला कळेना. त्यांनी समजावलं. मणी पेशींशिवाय, नुसत्या पोषक द्रवात तेवढेच तास ३७ अंशांना ठेव. मग मणी खाली बसू दे, वरचा द्रव गाळून घे आणि तो नव्या पेशींना दे. मी तसं केलं. पेशी मेल्या. मणी नसताना मेल्या. म्हणजे मण्याने नव्हे, सुटलेल्या औषधाने मारलं होतं.

चूक माझीच होती. बरंचसं औषध बंधाने जोडलेलं नव्हतंच, ते मण्याला नुसतं चिकटून बसलं होतं. गार बफरमध्ये ते हललं नाही. पोषक द्रवात वासराच्या रक्ताचा सीरम असतो, त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन असल्या रेणूंना ओढून घेतं. गरम पाणी आणि साबण, दोन्ही एकाच वेळी. मला रंग का दिसला नाही? कारण पोषक द्रव मुळातच गुलाबी असतो. आम्लता कळावी म्हणून त्यात फिनॉल रेड घालतात. गुलाबीत गुलाबी मिसळलं, कोणाला दिसणार?

म्हणून चांगल्या प्रयोगात काय काय बघायचं? औषध नसलेले कोरे मणी पेशींना त्रास देतात का. मण्यांवरून निथळलेला द्रव एकटा पेशी मारतो का. अल्कोहोल, खारं पाणी, सीरम यांनी धुऊनही औषध निघतं का. जे चिमूटभर सुटलं असेल, तेवढंच मोकळं औषध दिलं तर पेशी मरतात का. बहुतेक वेळा वाद इथे मिटतो. आणि तेच मणी पुन्हा वापरले तर जोर टिकतो का. औषध गळून काम करत असेल तर मणी दरवेळी अशक्त होत जायला हवेत. ते होत नसतील, तर रंग पक्का आहे. टोकेस यांची नोंद मला म्हणून बोलकी वाटते.

बाहेरून नुसता स्पर्श करून पेशी मरते तरी कशी?

पेशीपटल म्हणजे पिशवीचं प्लॅस्टिक, अशी आपली शाळेपासूनची समजूत. खरं तर ते वाड्याच्या दिंडीदरवाजासारखं आहे. कोण आलं, कोण गेलं, आत काय निरोप द्यायचा, सगळं तिथे ठरतं. वाढ, विश्रांती, मरण, या सगळ्याचे बरेच आदेश या दारातून आत जातात.

डॉक्सोरुबिसिनला धन प्रभार असतो आणि पटलातल्या काही मेदरेणूंना ऋण प्रभार असतो. दोघांचं चांगलं जमतं. औषधाचे सपाट कडे पटलातल्या मेदात रुतले की पटलाचा पातळपणा बदलतो, त्यात तरंगणाऱ्या ग्राहींची हालचाल बदलते. पटलावर इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करणारी विकरं (एन्झाइम्स) असतात, त्यांनाही अडथळा येतो. पटलातल्या मेदांपासून सेरामाइडसारखे निरोपे रेणू तयार होऊ शकतात आणि ते पेशीच्या आत्मनाशाची यंत्रणा सुरू करतात. तिथून पुढे औषधाची गरजच नाही. बेल वाजवणाऱ्याला घरात यावं लागत नाही, आतली माणसंच उठून दिवे घालवतात.

यातली नेमकी कुठली कडी निर्णायक, यावर एकमत नाही. पेशीचा प्रकार बदलला की उत्तरही बदलतं.

म्हणजे हे औषध डीएनएवर काम करतं, असं पुस्तकात आहे ते चूक?

नाही. परीक्षेत तेच लिहा, मार्क कापून घेऊ नका.

मोकळं डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या दोन पायऱ्यांच्या मधे घुसतं. १९८४ मध्ये हेही दिसलं की ते टोपोआयसोमरेज-२ या विकराला कात्रीत पकडतं: विकर डीएनए कापतं, पण पुन्हा जोडू शकत नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने दाखवलं की हे औषध डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांनाही उखडून काढतं. रुग्णाच्या शरीरात हे सगळं घडतं आणि बहुतेक काम त्यानेच होतं असं मानलं जातं.

मण्यांचा प्रयोग सांगतो तो 'शक्य आहे' एवढंच. दार वाजवूनही मारता येतं. चोर खिडकीतून आला हे सिद्ध झालं म्हणून दाराची कडी मजबूत होती असं ठरत नाही. विद्यार्थी दोन गट पाडून भांडतात, डीएनएवाले आणि पटलवाले. मला ते भांडण फुकटचं वाटतं.

सगळ्याच केमोच्या औषधांना हे जमेल का?

अजिबात नाही. मेथोट्रेक्सेट घ्या. त्याचं लक्ष्य म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवातलं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर. मेथोट्रेक्सेट अ‍ॅगरोजला बांधून रसायनशास्त्रज्ञ वेगळंच काम करतात: पेशींचा लगदा त्यावरून ओततात, हवं ते विकर मण्यांना चिकटतं, बाकीचं वाहून जातं. शुद्धीकरणाची फार जुनी आणि सुरेख रीत आहे ती. पण जिवंत, अखंड पेशीतल्या त्या विकरापर्यंत बांधलेलं मेथोट्रेक्सेट पोचणारच नाही.

५-फ्लुरोयुरॅसिल तर पेशीत जाऊन आधी रूप बदलतं आणि मग काम करतं. सिस्प्लॅटिनला डीएनए गाठावाच लागतो. पॅक्लिटॅक्सेल पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांना धरतं. यांना खुंट्याला बांधलं की ती दारात नुसती उभी राहतील. लाल औषधाच्या कुळाची पटलाशी मुळातच सलगी आहे, म्हणून तिथे हे दिसलं.

औषधाला दाद न देणाऱ्या पेशींवर बांधलेलं औषध चालतं का?

या विषयात सगळ्यांत आशा वाटली ती इथेच. १९७६ मध्ये जुलियानो आणि लिंग यांनी पी-ग्लायकोप्रोटीन ओळखलं. हा पटलातला पंप आहे. औषध आत आलं रे आलं की ऊर्जा खर्चून त्याला बाहेर फेकतो. गळक्या होडीत बसलेला माणूस तांब्याने पाणी उपसतो, तसा. डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल अशी एकमेकांशी नातं नसलेली औषधंही हा पंप उपसतो, म्हणून एका औषधाला सरावलेली गाठ दुसऱ्यालाही जुमानत नाही.

मण्याला बांधलेलं औषध उपसणार कसं? एक किलोमीटरचा गोळा तांब्यात मावत नाही. काही दाद न देणाऱ्या पेशींवर बांधलेल्या औषधाचा जोर मोकळ्यापेक्षा चांगला दिसला, तो या तर्काला धरूनच. मात्र दाद न देण्याची कारणं एकच नसतात. पेशीची आत्मनाशाची यंत्रणाच मोडलेली असेल तर बेल कितीही वाजवा.

वडिलांच्या यकृतात डॉक्टर औषधाचे 'बीड्स' सोडणार आहेत. ते हेच का?

हा प्रश्न नातेवाइकांकडून हमखास येतो. उत्तर: नाही, जवळजवळ उलटं.

त्या उपचारात जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून यकृताच्या धमनीपर्यंत नेतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत मणी सोडतात. यकृताच्या निरोगी भागाला बरंचसं रक्त प्रवेशिका शिरेतून (पोर्टल व्हेनमधून) मिळतं, गाठीला मात्र मुख्यतः धमनीतून. म्हणून धमनीची फांदी तुंबवली की गाठ उपाशी पडते आणि बाकीचं यकृत तगून राहतं. मण्यांमध्ये भरलेलं डॉक्सोरुबिसिन तिथेच हळूहळू सुटतं.

सुटतं, हा शब्द महत्त्वाचा. हे औषध प्रभाराच्या ओढीने धरून ठेवलेलं असतं, पक्क्या बंधाने नाही. मण्यांवर ऋण प्रभाराचे गट, औषधाला धन प्रभार. लाल द्रावात मणी टाकले की रंग मण्यांत शिरत जातो आणि द्राव फिका पडतो. रक्तातले क्षार भेटले की औषध पुन्हा बाहेर येतं. म्हणजे इथे रंग मुद्दाम कच्चा ठेवलेला आहे. आमच्या प्रयोगात जो गळका मणी म्हणजे बट्ट्याबोळ, तोच तुमच्या वडिलांसाठी उपयोगाचा.

मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पोकळीत ठेवायच्या कारमस्टिनच्या चकत्या अशाच, विरघळत विरघळत औषध सोडणाऱ्या. अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये परवानगी मिळाली. हृदयाच्या काही स्टेंटवर पॅक्लिटॅक्सेलचा लेप असायचा, तोही सुटण्यासाठीच.

अँटिबॉडीला बांधलेली केमो?

तिथे बंध पक्का असतो खरा, पण बहुतेक वेळा तोडण्यासाठीच बनवलेला. अँटिबॉडी कर्कपेशी ओळखते, पेशी तिला गिळते आणि आत गेल्यावर औषध सुटं होतं. आधार घनही नाही आणि औषध बाहेरही राहत नाही.

मग एवढ्या वर्षांत बांधलेल्या औषधाचा उपचार का झाला नाही?

१०० मायक्रॉनचे मणी शिरेतून दिले तर ते फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतील. त्या वाहिन्या जेमतेम ५ ते १० मायक्रॉनच्या, तांबडी पेशीसुद्धा तिथून वाकून जाते. कण लहान केले तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळतात. शिवाय मण्याला पेशीला भिडावं लागतं. बाटलीत तरंगणाऱ्या रक्तपेशी मण्यांभोवती हलवत ठेवता येतात. घट्ट गाठीच्या गाभ्यातली पेशी मण्याला भेटणार कधी?

औषधाच्या उत्पादनातही भानगड आहे. कितीही पक्का बंध असला तरी शरीरात महिनोन् महिने तो टिकेल याची हमी देणं फार जड. आणि जर थोडं सुटणारच असेल, तर मग सुटण्यावरच उपचार उभारावा, हा व्यवहारी विचार जिंकला. लायपोसोममध्ये भरलेलं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं, ते मेदाच्या थेंबुकल्यात बंद असतं आणि हृदयाला त्याची झळ कमी बसते. साध्या डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची बेरीज अंगाच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पलीकडे जाऊ देत नाहीत, ती या हृदयाच्या भीतीनेच.

बांधलेलं औषध निरोगी पेशींना सोडून देतं का?

आपोआप नाही. दार प्रत्येक पेशीला असतं. वेचून मारायचं असेल तर मण्यावर ओळखीचा आणखी एखादा रेणू लागेल.

पुण्यात अशा विषयाच्या जवळचं काम कुठे चालतं?

पेशींसाठी गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणारं भांडार तिथेच आहे. बहुवारिकं आणि मण्यांच्या रसायनासाठी पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० पासूनची. दोन्हींमधलं अंतर रिक्षाने थोडक्या वेळाचं. पुण्यात बारावीनंतर 'संशोधन कुठे करू' असं विचारणाऱ्या मुलांना मी या दोन दारांपासून सुरुवात करायला सांगते.

आम्हाला कॉलेजात असा काही प्रयोग करता येईल का?

केमोच्या औषधाला हात लावायचा नाही. ते विष आहे, ते हाताळायला प्रशिक्षण, वेगळी खोली आणि कचऱ्याची वेगळी सोय लागते.

गळतीचा भाग मात्र करून बघता येतो आणि माझ्या मते तोच शिकण्यासारखा आहे. सोडियम अल्जिनेटचं दोन टक्क्यांचं द्रावण करा, त्यात खायचा लाल रंग घाला. सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडा. थेंब पडताक्षणी आवळतो आणि लाल मणी होतो. हा रंग आत नुसता अडकलेला असतो, बांधलेला नसतो. मणी गाळून गार पाण्याने भराभर तीन-चारदा धुवा. नंतर निम्मे मणी गार साध्या पाण्यात ठेवा, निम्मे कोमट पाण्यात मीठ घालून त्यात. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि मणी सैल पडत जातो. प्रत्येक धुण्याचं पाणी वेगळ्या ग्लासात ठेवा, ग्लासांवर वेळ लिहा आणि मागे पांढरा कागद धरा. पांढऱ्या कागदावाचून फिकट गुलाबी दिसत नाही.